अलमारीतले कॅमेरे: लालबर्रा परिसराच्या छायाचित्रांमधला एक खड्डा

लालबर्रा आणि आसपासच्या गावांतून मंडळाकडे जी छायाचित्रं आली, ती वर्षांप्रमाणे टेबलावर मांडली की मधे एक खड्डा दिसतो. आधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले कृष्णधवल फोटो, स्टुडिओत खुर्चीवर बसवून काढलेले. मग ऐंशी-नव्वदच्या दशकातले रंगीत प्रिंट, लग्नाच्या अल्बममधले, कडा पिवळ्या पडलेले. हे सगळं साधारण २००२ पर्यंत नीट येतं. त्यानंतर एकदम २०१२-१३ नंतरचे मोबाईलचे फोटो, तेही ढीगभर. मधली दहा वर्षं जवळजवळ कोरी.

त्या दहा वर्षांत लोकांनी फोटो काढले नाहीत असं नाही. उलट तोवर कधी काढले नसतील इतके काढले. घरात डिजिटल कॅमेरा आला तो याच काळात. गोंदिया-नागपूरच्या दुकानातून आला, नाहीतर पुण्याला-बंगलोरला नोकरीवर गेलेल्या पोराने दिवाळीला आणला. ते कॅमेरे आजही घराघरात आहेत. अलमारीत, साड्यांच्या खाली, मूळ खोक्यात. फोटोही त्यातच आहेत. तिथून ते बाहेर आले नाहीत, एवढंच. काहून नाही आले, हा या लेखाचा विषय. प्रश्न तारेचा वाटतो, पण तो इतिहासाच्या साधनांचा आहे.

या मधल्या वर्षांत आपल्या भागात काय घडलं ते आधी पाहू. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग जोडून झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा तिकडे गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरातली मराठी-पोवारी आणि कचेरीतली हिंदी असा आपला संसार तेव्हापासूनचा. या दोन बाजूंना जोडून ठेवणारी एक वस्तू होती, ती म्हणजे छोटी लाईन. बंगाल नागपूर रेल्वेने टाकलेली अडीच फुटी रुंदीची ही लाईन गोंदियाहून नैनपूरपर्यंत १९०३ साली आणि पुढे जबलपूरपर्यंत १९०५ साली सुरू झाली. लालबर्र्याला रेल्वे नाही, पण सिवनी रस्त्याने बालाघाट गाठायचं आणि तिथून गाडी धरायची, हा इथल्या तीन-चार पिढ्यांचा रिवाज. गोंदिया-बालाघाट हा तुकडा २००० नंतरच्या पहिल्या दशकात मोठ्या लाईनचा झाला. बालाघाट-नैनपूर-जबलपूरची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. म्हणजे शंभर वर्षांची गाडी जात होती नेमक्या त्याच वर्षांत, जेव्हा आपल्या हातात नवा कॅमेरा होता.

सी. ई. लो यांचं बालाघाट जिल्ह्याचं गॅझेटिअर १९०७ चं. तेव्हा ही रेल्वे नवीकोरी होती. ते पुस्तक आज कोणीही उघडून वाचू शकतो. त्याच रेल्वेच्या डब्यातून २००७ साली घरच्या माणसाने काढलेला फोटो मात्र आपल्याला उघडता येत नाही. हे मला फार खटकतं.

आता तारेकडे येऊ. डिजिटल कॅमेऱ्याची अडचण फोटो काढण्याची कधीच नव्हती, ती फोटो बाहेर काढण्याची होती. अगदी पहिल्या कॅमेऱ्यापासून. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ च्या डिसेंबरात जो कॅमेरा जुळवला, त्यात आडवे-उभे शंभर-शंभर असे फक्त दहा हजार बिंदू होते. चित्र टिपायला क्षणभर लागे, पण ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आणि बघायला वेगळं यंत्र व टीव्ही लागे. वजन सुमारे साडेतीन किलो.

लोकांच्या हाती कॅमेरे आले ते नव्वदच्या दशकात. १९९४ चा ॲपलचा क्विकटेक, १९९५ चा कॅसिओचा क्यूव्ही-१०. हे संगणकाला सीरियल पोर्टने जोडत. हे पोर्ट टेलिप्रिंटर आणि मोडेमसाठी साठच्या दशकात ठरवलेलं. आम्ही इंजिनिअर लोक मीटर आणि मशिनी याच पोर्टावर बोलवत असू, तेव्हा त्याचा स्वभाव चांगला माहीत आहे: भरवशाचं, पण बैलगाडी. सेकंदाला ११५,२०० बिट हा त्याचा नेहमीचा वरचा वेग. हिशेब केला तर एक एमबीचा एक फोटो उतरायला दीड मिनिट लागतं. छत्तीस फोटोंचा रोल धरला तर पाऊण तास-तासभर. सोनीने १९९७ साली यावर साधा तोडगा काढला. मॅव्हिका कॅमेऱ्यात सरळ फ्लॉपीच घातली. फोटो काढा, फ्लॉपी काढा, संगणकात टाका. तार नाही, ड्रायव्हर नाही. तेव्हा लोक त्या बोजड डब्याला हसत. आज जुन्या साहित्यातलं काय पटकन उघडतं असं विचाराल तर मी त्या फ्लॉपीकडे बोट दाखवेन, अर्थात फ्लॉपी बुरशीने गेली नसेल तर.

यूएसबीचा पहिला नियमसंच जानेवारी १९९६ मध्ये आला. १९९८ मध्ये तो सुधारला आणि २००० मध्ये यूएसबी २.० आली. वेग बारा मेगाबिटवरून ४८० मेगाबिटवर गेला. बैलगाडीची मोटार झाली. पण घोळ वेगळाच झाला. तारेचं संगणकाकडचं टोक सगळ्यांचं एक, चपटं, आजही पेनड्राईव्हला असतं तेच. कॅमेऱ्याकडचं टोक मात्र ज्याचं त्याचं. पाच पिनांचं मिनी टोक नंतर ठरून आलं, पण ते सगळ्यांनी घेतलं नाही. चार पिनांचं, आठ पिनांचं, बारा पिनांचं, अशी टोकं मी स्वतः पाहिली आहेत. कंपन्यांना एकाच भोकातून दोन कामं करायची होती: संगणकाला फोटो देणं आणि टीव्हीवर फोटो दाखवणं. त्यामुळे खोक्यात दोन तारा येत. एक यूएसबीची, दुसरी पिवळ्या पिनेची, टीव्हीची.

ही पिवळी पिन आपल्या भागाच्या इतिहासात मोठी आहे, कारण २००४-०५ च्या लालबर्र्यात टीव्ही घरोघरी होता, संगणक नव्हता. लोकांनी पिवळी तार वापरली. सगळं घर टीव्हीपुढे बसून लग्नाचे, मुंडणाचे, मेळ्याचे फोटो बघत असे. फोटो बघून झाले म्हणजे काम झालं असंच वाटे. यूएसबीची तार पिशवीतून बाहेरही निघाली नाही आणि मग पोरांच्या खेळण्यात, रद्दीत, कुठेतरी गेली. आज घरी गेलो की लोक मोठ्या आनंदाने तार काढून देतात, "ही बघा भाऊ, सांभाळून ठेवली," आणि ती हमखास पिवळ्या पिनेचीच असते.

संगणक होता तो बालाघाटच्या सायबर कॅफेत किंवा फोटो स्टुडिओत. तिथे कार्ड किंवा कॅमेरा घेऊन जायचं, सीडी करून आणायची. पण वीज असेल तेव्हा! १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरबाची वीजकेंद्रं तिकडे गेली, आणि मध्य प्रदेशात विजेची जी बोंब झाली ती २००३ ची विधानसभा निवडणूक बिजली-सडक-पानीवर लढवली जाण्याइतकी. फोटो उतरत असताना लाईट गेली तर अर्धवट फाईल राहायची.

रोलच्या जमान्यात अशी पळवाट नव्हती. रोल संपला की तो धुवायलाच लागे, आणि धुतला की निगेटिव्ह आणि प्रिंट हातात येत. पैसे लागत, पण वस्तू तयार होई. डिजिटलमध्ये तो टप्पाच ऐच्छिक झाला. आणि इथे खरा घात आहे. कॅमेऱ्याबरोबर येणारं कार्ड असायचं १६ एमबीचं. तीन मेगापिक्सेलचा फोटो साधारण एक एमबीचा. म्हणजे पंधरा-सोळा फोटोंत कार्ड भरलं. मोठं कार्ड महाग. संगणक लांब. मग माणूस काय करणार? पुढच्या लग्नाला जागा करायला मागच्या मेळ्याचे फोटो पुसणार. तार नव्हती म्हणून लोकांनी आपलाच इतिहास आपल्या हाताने पुसला, आणि त्यात त्यांची चूक काही नाही.

किती पुसला, हे मात्र कळतं. १९९८ साली जपानच्या उद्योगसंघटनेने कॅमेऱ्यातल्या फाईली कशा ठेवायच्या याचा नियम केला. म्हणून कोणत्याही कंपनीचं कार्ड उघडा, आत डीसीआयएम नावाचा फोल्डर असतो, त्यात तीन आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर, आणि फाईलच्या नावात चार अक्षरांपुढे चार आकडे. बहुतेक कॅमेऱ्यांत हा क्रमांक फोटो पुसला तरी मागे जात नाही. त्यामुळे ००३१ नंतर एकदम ०२१४ आला, तर मधे एकशे ब्याऐंशी फोटो निघाले आणि गेले असं बहुधा धरता येतं. पटवाऱ्याच्या दप्तरात फाटलेली पानं मोजावीत तसं हे आहे.

आता हे कॅमेरे संगणकाला जोडायचे कसे. मंडळाच्या कामात जो क्रम ठरत गेला तो सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत.

पहिली गोष्ट सेल. कॅमेरा अलमारीत ठेवताना सेल आतच राहिलेले असतात. साधे पेन्सिल सेल गळलेले असतील तर पांढरी पूड दिसते. ती क्षारधर्मी असते, म्हणून कापसाच्या बोळ्याला थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसली की निघते, मग कोरड्या कापडाने पुसून वाळू द्यायचं. चपटी लिथियम बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज करायचीच नाही, बाहेर काढून ठेवायची. घरचे लोक म्हणतात, "चालूच नाही होऊन राहिला, खराब झाला." नव्वद टक्के म्हणावं असं माझ्याकडे मोजमाप नाही, पण नवे सेल टाकल्यावर जिवंत झालेले कॅमेरे मी पुष्कळ पाहिले.

चालू झाल्यावर कॅमेरा बहुतेक वेळा दोन गोष्टी विचारतो. तारीख काय, आणि कधीकधी कार्ड फॉरमॅट करू का. दुसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हणायचं. कोणी कितीही घाई केली तरी नाही. एसडी कार्डाला बाजूला छोटी खिट्टी असते, ती कुलपाच्या बाजूला सरकवून ठेवली की बरं.

मग तार की कार्ड रीडर? इथे मंडळात दोन पक्ष आहेत. रीडरवाल्यांचं म्हणणं, कार्ड काढा, रीडरमध्ये टाका, तार शोधण्याचा ताप कशाला. एसडी कार्डापुरतं ते खरं आहे. नवा रीडर जुनं एसडी कार्ड वाचतो. पण ऑलिम्पस आणि फुजीफिल्मने २००२ मध्ये आणलेलं एक्सडी कार्ड किंवा त्याआधीचं पातळ पापडासारखं स्मार्टमीडिया आजच्या दुकानी रीडरमध्ये जातच नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅशला पन्नास बारीक पिना असतात, त्यातली एक वाकली की कॅमेराच गेला. अशा वेळी कार्ड कॅमेऱ्यातच राहू द्यावं आणि तारेने काम करावं.

तारेच्या बाजूने दुसरं कारण त्याहून मोठं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांना कार्डाशिवाय स्वतःची थोडी स्मृती असते, आठ, सोळा, बत्तीस एमबी. कार्ड आत असेपर्यंत कॅमेरा ती दाखवत नाही. घरच्यांनाही ती आहे हे ठाऊक नसतं. कार्ड विकत घेण्याआधीचे पहिले काही दिवस कॅमेऱ्याने तिथेच फोटो ठेवलेले असतात. आणि ते पुसलेही जात नाहीत, कारण कोणाला दिसतच नाहीत! रीडरने ते कधीच मिळणार नाहीत. सिवनी रस्त्यावरच्या एका गावातल्या कॅमेऱ्याचं कार्ड पूर्ण कोरं निघालं होतं. कार्ड काढून कॅमेरा तारेने जोडला तेव्हा आतून नऊ फोटो आले. त्यातल्या दोनात छोट्या लाईनच्या डब्याची खिडकी आहे, खिडकीशी डोक्यावर पदर घेतलेली आजी, आणि मागे फलाटावर चारेगाव ही अक्षरं अर्धी दिसतात. ती आजी आता नाही. घरात तिचा दुसरा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा.

तार लावूनही संगणकाला कॅमेरा दिसत नसेल तर आधी तारेवर संशय घ्यावा. यूएसबीच्या तारेत चार धागे: दोन विजेचे, दोन माहितीचे. नंतरच्या काळातल्या चार्जरबरोबर आलेल्या कित्येक तारांत माहितीचे दोन धागे घातलेलेच नसतात. टोक बसतं, दिवाही लागतो, पण बोलणं होत नाही. मल्टिमीटरने एका मिनिटात कळतं.

तार ठीक असेल तर कॅमेऱ्याची भाषा बघायची. यूएसबी कॅमेरे संगणकाशी मुख्यतः तीन प्रकारे बोलतात. सगळ्यात जुने स्वतःच्याच भाषेत बोलतात. त्यांना कंपनीच्या सीडीवरचा ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रायव्हर विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या पुढे चालत नाही. दुसरे स्वतःला पेनड्राईव्ह म्हणवतात. तिसरे पीटीपी या भाषेत बोलतात, तिचा नियम २००० साली ठरला आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ती संगणकाला येते. कित्येक कॅमेऱ्यांच्या मेनूत दुसरी की तिसरी ते निवडता येतं, तेव्हा एक नाही जमलं तर दुसरी करून पाहावी. पहिल्या प्रकारासाठी मंडळाने एक्सपीचा जुना लॅपटॉप ठेवला आहे, इंटरनेटला न जोडलेला. त्याहून चांगला उपाय लिनक्सवरचा जीफोटो. जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी एकेका कॅमेऱ्याची भाषा उलगडून ती त्यात फुकट लिहून ठेवली आहे. कंपन्यांनी सोडून दिलेले कॅमेरे या लोकांनी सांभाळले, हे मला आपल्या मंडळाच्या कामासारखंच वाटतं.

फोटो उतरले की पुढचा प्रश्न तारखेचा. फाईलच्या पोटात तारीख आणि कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं असतं. पण सेल संपले की कॅमेऱ्याचं घड्याळ मूळपदावर जातं, आणि घरातल्या कोणी ते पुन्हा लावलेलं नसतं. त्यामुळे १ जानेवारीचे असंख्य फोटो मिळतात. त्या तारखेवर विश्वास ठेवला तर लालबर्र्यात सगळी लग्नं नववर्षाच्या मध्यरात्री लागली असं लिहावं लागेल. म्हणून बाहेरचा पुरावा बघायचा. कॅमेऱ्याचं मॉडेल बाजारात आलं त्याआधीचा फोटो असू शकत नाही. बालाघाट स्टेशनवर गोंदियाकडची लाईन छोटी आहे की मोठी. दुकानाच्या पाटीवर रुपयाचं नवं चिन्ह असेल तर २०१० च्या जुलैनंतरचा. नैनपूरकडची छोटी गाडी चालू असेल तर २०१५ च्या आतला. दोन्ही बाजूंनी असं आवळत नेलं की दोन-तीन वर्षांच्या आत फोटो बसतो. शिलालेखाचा काळ अक्षराच्या वळणावरून ठरवतात, त्याच जातीचं काम आहे.

हा पुरावा टिकायचा असेल तर मूळ फाईल जशीच्या तशी ठेवावी लागते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि पोटातली माहितीही जाते. मंडळाकडे पाठवताना पेनड्राईव्हने द्या.

एका बाबतीत मात्र माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. कार्डावरचा फोटो पुसला म्हणजे तो लगेच नाहीसा होत नाही. यादीतल्या नावावर फक्त खूण होते आणि जागा रिकामी समजली जाते. वर दुसरा फोटो बसेपर्यंत मूळ माहिती तिथेच असते. फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रामने ती परत काढता येते. म्हणून तरुण मंडळी म्हणतात, प्रत्येक कार्डाची पूर्ण नक्कल घेऊन सगळंच वर काढा. जागा करायला पुसलेले मेळ्याचे फोटो परत आणायला माझी ना नाही. पण काही फोटो घराने मुद्दाम पुसलेले असतात. तुटलेल्या सोयरिकीचे, कोणाच्या शेवटच्या आजाराचे. आपल्याला कार्ड विश्वासाने दिलेलं असतं. तेव्हा आधी घरच्यांना विचारायचं, आणि घरात ज्याचा तो फोटो त्याला विचारायचं, नुसतं कर्त्या पुरुषाला नाही. त्यांनी नको म्हटलं तर नको. इतिहासाला थोडं नुकसान झालं तरी चालेल.

घाई मात्र आहे. कार्डातल्या चिपमध्ये फोटो म्हणजे अतिशय बारीक कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षं हळूहळू पाझरतो, आणि उष्णतेत लवकर पाझरतो. अशा चिपचा हिशेब साधारण दहा वर्षं धरला जातो. त्यापुढेही पुष्कळ टिकतात, पण भरवसा नाही. २००५ चं कार्ड कवेलूच्या घरातल्या लोखंडी अलमारीत वीस मे महिने काढून बसलं आहे. त्या काळच्या सीडींचे तर चंदेरी पापुद्रे सुटायला लागले आहेत.

मंडळाच्या पेटीत सध्या पाच पिनांच्या, चार पिनांच्या आणि आठ पिनांच्या चालू तारा आहेत, प्रत्येकीला कोणत्या कॅमेऱ्याला बसते त्याची चिठ्ठी बांधली आहे. एक्सडी कार्डाचा एक रीडरही आहे. बारा पिनांची तार अजून मिळालेली नाही, आणि तिच्यासाठी दोन कॅमेरे थांबले आहेत. कोणाच्या घरी जुन्या तारांचा गुंता असेल तर फेकण्याआधी महिन्याच्या बैठकीला घेऊन या. टोक ओळखता आलं नाही तरी आणा.